कण्याखालची लाल पट्टी



दादरच्या किंवा लालबागच्या बाजारात रोहू विकत घेतला की कोळीण तो समोरच साफ करून देते. खवले उडतात, पोट चिरलं जातं, आतडी बाहेर येतात. मग ती पोकळीत बोट घालून कण्याला आतून चिकटलेली एक काळपट लाल पट्टी खरवडून काढते आणि पाण्याने धुऊन टाकते. गिऱ्हाईक तिकडे बघतही नाही. रक्त साकळलं असेल, इतकंच त्याला वाटतं. ही पट्टी म्हणजे माशाचं मूत्रपिंड. तिचं डोक्याकडचं टोक, कल्ल्यांच्या मागे लपलेलं, लघवी गाळण्याचं काम जवळजवळ सोडून देऊन भलत्याच कामाला लागलेलं असतं. मासा घाबरतो, गुदमरतो, जाळ्यात धडपडतो, तेव्हा त्याच्या रक्तात उतरणारी संप्रेरकं याच टोकात तयार होतात.

ही व्याख्यानमाला एका प्राणिशास्त्राच्या शिक्षकाच्या स्मरणार्थ भरते. म्हणून आजचा विषय याच खरवडून टाकलेल्या तुकड्याचा आहे. त्याच्या आत कोणती रसायनं निरोप पोहोचवतात, कोण कोणाला उठवतं, कोण कोणाला आवरतं, आणि हे सगळं समजून घेण्याची गरज गिरगाव-परळच्या माणसाला का असावी, हे आज पाहायचं आहे.

माणसाच्या शरीरात ही व्यवस्था आटोपशीर आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी टोपीसारखी बसलेली असते. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल बनतं, आतल्या गाभ्यात अॅड्रिनलिन. इटलीच्या बार्तोलोमेओ युस्ताकीने सोळाव्या शतकात तिचं वर्णन केलं, आणि १८५५ मध्ये लंडनच्या टॉमस अॅडिसनने दाखवून दिलं की ती बिघडली तर माणूस खंगत जातो आणि दगावतो. साहजिकच पुढच्या शरीररचनातज्ज्ञांनी माशातही असाच गोळा शोधायला घेतला. तो काही सापडेना.

जर्मन शास्त्रज्ञ श्टानियसने १८३९ मध्ये काही माशांच्या मूत्रपिंडावर पांढुरके दाणे पाहिले होते. अनेकांनी बराच काळ तेच माशाचं अधिवृक्क मानलं. प्रत्यक्षात ते दाणे रक्तातलं कॅल्शियम ताब्यात ठेवतात, ताणाशी त्यांचा थेट संबंध नाही. खरा धागा हाती लागला तो शार्कच्या कुळात. केंब्रिजच्या फ्रान्सिस बाल्फोरने १८७८ मध्ये कूर्चामाशांच्या वाढीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन मूत्रपिंडांच्या मधोमध असणाऱ्या एका स्वतंत्र अवयवाला त्याने ‘इंटररीनल’, म्हणजे वृक्कांच्या मधला, असं नाव दिलं. मुंबईकर जी मुशी किंवा पाकट खातो, ते याच कुळातले. त्यांच्यात कॉर्टिसॉलचा भाऊबंद बनवणारा अवयव मध्ये एकटा बसतो आणि अॅड्रिनलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके त्याच्यापासून वेगळे, कण्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतात. दोघांची भेट नाही. मुशीच्या कुळाचं संप्रेरकही जगावेगळं आहे. ‘१-अल्फा-हायड्रॉक्सिकॉर्टिकोस्टेरॉन’ हे त्याचं लांबलचक नाव. कॅनडाच्या आयडलर आणि ट्रस्कॉट यांनी १९६६ मध्ये ते ओळखलं.

सुरमई, पापलेट, बांगडा, रोहू, मागूर या हाडाच्या माशांनी मात्र तिसराच मार्ग धरला. त्यांच्यात वेगळी ग्रंथी नाहीच. दोन्ही प्रकारच्या पेशी मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात, मोठ्या शिरांच्या भिंतींलगत विखुरलेल्या असतात. कुठे एकेरी थर, कुठे छोटे झुबके, कुठे एकमेकांत मिसळलेल्या. जीन नंदी या संशोधिकेने १९६२ मध्ये कितीतरी जातींचे मासे कापून, सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करून या मांडणीच्या तऱ्हा नोंदवल्या. आजही या विषयावर लिहिणारा माणूस तिथूनच सुरुवात करतो. ग्रंथी नाही म्हणून पूर्वीच्या पुस्तकांत या व्यवस्थेला ‘आदिम’ म्हटलं जाई. हा शब्द चुकीचा आहे असं ठामपणे म्हणायला हवं. विखुरलेपणा हा इथे दोष नाही, कामाची पद्धत आहे.

माशाच्या या भागाला शीर्षवृक्क म्हणतात. गिरगावातल्या जुन्या चाळीत एका मजल्यावर वेगवेगळ्या धंद्यांची बिऱ्हाडं असावीत आणि एकाकडची हाक भिंतीपलीकडे सहज ऐकू जावी, तसं इथलं राहणं आहे. स्टेरॉइड बनवणाऱ्या इंटररीनल पेशी, क्रोमिअमच्या क्षारांनी तपकिरी रंगणाऱ्या आणि अॅड्रिनलिन साठवणाऱ्या क्रोमॅफिन पेशी, आणि तिसरं बिऱ्हाड रक्ताचं. माशाच्या हाडांत रक्त तयार करणारा मगज नसतो. तांबड्या-पांढऱ्या पेशींचं मोठं उत्पादन याच शीर्षवृक्कात होतं. म्हणजे ताण, रक्त आणि रोगप्रतिकार या तिन्ही कामांचे कारागीर एकाच ठिकाणी. शेजाऱ्याने सोडलेलं रसायन रक्ताच्या लांबच्या प्रवासाला न जाताच शेजाऱ्याला मिळतं.

आता संकट आल्यावर काय घडतं ते पाहू.

मासा जाळ्यात सापडला किंवा पाण्यातला ऑक्सिजन उतरला की दोन हाका उठतात. पहिली मज्जातंतूंची. मेंदूकडून निघालेला आवेग सिंपथेटिक तंतूंवाटे शीर्षवृक्कात पोहोचतो आणि तंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलिन सुटतं. ते क्रोमॅफिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या निकोटिनिक ग्राहकांवर बसतं, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि साठवलेलं अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन बाहेर फेकलं जातं. स्वीडनच्या निल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये कॉड माशाच्या शीर्षवृक्कात या तंतूंचा ताबा नीट सिद्ध केला. काही सेकंदांत ही हाक कामाला लागते. जागाही मोक्याची आहे. या पेशी ज्या शिरेच्या भिंतीत असतात ती शीर पुढे सरळ हृदयाला मिळते, आणि माशाचं हृदय रक्त आधी कल्ल्यांकडे ढकलतं. त्यामुळे अॅड्रिनलिन सर्वांत आधी पोहोचतं ते हृदयावर आणि श्वसनावर. ट्राउटसारख्या माशांत ते तांबड्या पेशींच्या पडद्यातली आयनांची देवाणघेवाण वाढवतं, पेशीच्या आतली आम्लता कमी करतं, आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरू लागतं. गुदमरणाऱ्या माशाला मिळालेली ही काही वेळाची मुदत असते.

दुसरी हाक संथ आहे. मेंदूतल्या पेशी सीआरएच हे पेप्टाइड बनवतात. सस्तन प्राण्यांत ते बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून पीयूषिका ग्रंथीकडे जातं. हाडाच्या माशांत मेंदूचे तंतू थेट पीयूषिकेत शिरतात, मधला रक्ताचा टप्पाच नाही. पीयूषिका एसीटीएच सोडते, ते रक्तातून शीर्षवृक्कात येतं, इंटररीनल पेशींच्या आत सायक्लिक एएमपी वाढतं, कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियात ओढलं जातं आणि एकामागून एक विकरं त्याचं कॉर्टिसॉल करतात. याला काही मिनिटं लागतात. शिखर येतं साधारण अर्ध्या ते एका तासात. म्हणून माशाच्या ताणावर काम करणाऱ्या संशोधकाला घाई असते. मासा पकडल्यावर दोन-तीन मिनिटांत रक्त काढलं नाही, तर तो पकडण्याचाच ताण मोजून बसतो.

पाठ्यपुस्तकं इथे थांबतात: एक तंतू, एक संप्रेरक, एक परिणाम. गेल्या तीस-चाळीस वर्षांतलं काम सांगतं की खरी हकीकत याहून दाट आहे.

क्रोमॅफिन पेशींना हलवणारं अॅसिटिलकोलिन एकटं नाही. रेनबो ट्राउटच्या या ऊतीत येणाऱ्या तंतूंमध्ये आणखी दोन पेप्टाइडं सापडली. एक, व्हॅसोअॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड. सामी सैद आणि व्हिक्टर मुट यांनी १९७० मध्ये ते डुकराच्या आतड्यातून काढलं होतं. दुसरं, पॅकॅप. १९८९ मध्ये मेंढीच्या मेंदूतून मिळालेलं. आतड्यासाठी आणि मेंदूसाठी ओळखली जाणारी ही रेणूंची जोडी माशाच्या शीर्षवृक्कात अॅड्रिनलिन सोडवण्याचं काम करते. कॅनडात ओटावा विद्यापीठात स्टीव्ह पेरी आणि कोलीन माँपेटी यांनी तंतूंना विजेचे संथ आणि जलद झटके देऊन पाहिलं. झटके मंद गतीने दिले तेव्हा या पेप्टाइडांचा वाटा ठळक दिसला. वेगाने दिले तेव्हा अॅसिटिलकोलिनने सूत्रं हाती घेतली. म्हणजे एकाच तारेतून दोन प्रकारचे निरोप जातात, आणि कोणता निरोप वाजेल हे संकटाच्या तीव्रतेवर ठरतं. रोजच्या कुरबुरीसाठी एक भाषा, जिवावर बेतल्यावर दुसरी.

सिरोटोनिनची गोष्ट याहून रंजक आहे. माणसाच्या मनःस्थितीशी जोडलेलं हे रसायन वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी घरोघरी नेलं. माशाच्या शीर्षवृक्कातही ते आहे, आणि ट्राउटमध्ये ते अॅड्रिनलिन-नॉरअॅड्रिनलिन सोडायला लावतं, हे १९९३ मध्ये पेरींच्या गटाने दाखवलं. रक्तातल्या एसीटीएचमुळेही या पेशी थोड्याफार चेततात. म्हणजे कॉर्टिसॉलसाठी पाठवलेला निरोप शेजारचं बिऱ्हाडही ऐकतं. आणि कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढलेलं राहिलं, तर क्रोमॅफिन पेशींची साठवण आणि सोडणं बदलतं. सस्तन प्राण्यांत या शेजाराचा पुरावा फार पूर्वी मिळाला. नॉरअॅड्रिनलिनचं अॅड्रिनलिन करणारं विकर गाभ्यात टिकण्यासाठी बाहेरच्या थरातून झिरपणारं कॉर्टिसॉल लागतं, हे वुर्टमन आणि अॅक्सेलरॉड यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं.

सगळेच निरोप ‘उठा’ असे नसतात. नायट्रिक ऑक्साइड हा वायू क्षणभर जगतो, पडद्यांतून सहज आरपार जातो. तो बनवणारं विकर याच ऊतीत आहे. ट्राउटवरच्या प्रयोगांत त्याने क्रोमॅफिन पेशींना आवर घातला. तो बनू दिला नाही तेव्हा अॅड्रिनलिन जास्त सुटलं. धोक्याची घंटा वाजवणाऱ्याच्या शेजारी घंटा धरून ठेवणारा असावा लागतो, नाहीतर प्रत्येक सावलीवर माशाचं हृदय धावत सुटेल आणि साठवलेली साखर जळून जाईल.

रोगप्रतिकारक पेशींचा आवाजही इथे पोहोचतो. प्रयोगशाळेत बनवलेलं ट्राउटचं इंटरल्युकिन-१-बीटा, म्हणजे संसर्गाची वर्दी देणारं प्रथिन, टोचलं की माशाच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वाढतं. उलट बाजूने, वाढलेलं कॉर्टिसॉल प्रतिकारशक्ती दाबतं. घाबरलेला मासा लगेच मेला नाही तरी पुढच्या आठवड्यात बुरशीने किंवा जिवाणूने का मरतो, याचं कारण या शेजारात आहे. मत्स्यपालकाला हे अनुभवाने ठाऊक असतं. बीज आणल्यावर पहिले काही दिवस कठीण जातात.

माशाच्या शेपटीकडेही संप्रेरकांचं एक भांडार आहे, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. कण्याच्या शेवटाशी, मज्जारज्जूच्या टोकावर ‘युरोफायसिस’ नावाची गाठ असते. सस्तन प्राण्यांत तशी काही नाही. कॅलगरीच्या कार्ल लेडेरिस यांच्या गटाने १९८२ मध्ये एका गोड्या पाण्यातल्या माशाच्या या गाठीतून ‘यूरोटेन्सिन-१’ या पेप्टाइडचा क्रम उलगडला. त्यात ४१ अमिनो आम्लं होती. आदल्याच वर्षी विली व्हेल यांनी मेंढीच्या मेंदूतलं सीआरएच उलगडलं होतं, त्यातही ४१, आणि दोघांची रचना भावंडांसारखी. मग साहजिक प्रश्न आला की सस्तन प्राण्यांत या शेपटीच्या रेणूचा वारस कुठे आहे? तो १९९५ मध्ये सापडला, ‘युरोकॉर्टिन’ या नावाने. आज माणसातल्या चिंता, भूक आणि हृदय यांच्या अभ्यासात त्याचं नाव सतत येतं, आणि त्याचा माग काढला तो एका माशाच्या शेपटीने. माशात हे यूरोटेन्सिन-१ पीयूषिकेला एसीटीएच सोडायला लावतं. फ्लाउंडर या चपट्या माशावरच्या कामात ते शीर्षवृक्कावरच्या एसीटीएचच्या परिणामालाही जोर देताना दिसलं. मेंदूकडून एक, शेपटीकडून एक, मज्जातंतूंकडून एक, शेजाऱ्यांकडून तीन-चार, इतक्या दिशांनी त्या छोट्याशा लाल टोकात निरोप येतात.

इतका बंदोबस्त कशाला, असं वाटेल. कॉर्टिसॉलवर माशाने दुहेरी काम टाकलं आहे, हे त्याचं एक कारण. माणसात साखरेची आणि दाहाची व्यवस्था कॉर्टिसॉल पाहतं आणि मिठाची अल्डोस्टेरॉन. हाडाच्या माशांत अल्डोस्टेरॉन नाही. मीठ-पाण्याचा हिशोबही कॉर्टिसॉलच ठेवतं. रायगडच्या खाड्यांतला जिताडा निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्राकडे जातो. अशा प्रवासात कल्ल्यांतल्या मीठ बाहेर फेकणाऱ्या पेशी तयार करण्याचं काम या संप्रेरकाचं असतं. म्हणून कॉर्टिसॉलला नुसतं ‘ताणाचं संप्रेरक’ म्हणणं अपुरं आहे. मासा घाबरला की त्याच्या मिठाचा तोलही ढळतो, तो यामुळेच. वाहतुकीच्या पाण्यात थोडं मीठ टाकण्याची मत्स्यबीज केंद्रांतली सवय याच गोष्टीवर उभी आहे.

इतक्या सूक्ष्म गोष्टी मोजायच्या कशा? शांत माशाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात कॉर्टिसॉल काही नॅनोग्रॅम असतं, ताणात ते शंभराच्या पुढे जातं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हे मोजणं शक्य झालं ते न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या केलेल्या रेडिओइम्युनोअॅसे या पद्धतीमुळे. यॅलोंना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. आपल्या शहरात या विद्येचं घर परळला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारालगतच्या इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर साठच्या दशकापासून चालतं. परळ म्हटलं की लोकांना गिरण्या आणि केईएम आठवतं. हाफकिन संस्था आहे, प्रजनन-आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. एवढ्याशा परिसरात संप्रेरकं, लसी आणि विषं मोजणारी इतकी माणसं गेल्या शतकात काम करून गेली, याचा अभिमान लालबाग-परळच्या मुलांना शाळेतच वाटायला हवा.

मुंबईतच वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. तिथल्या संशोधकांनी २००९ मध्ये ‘अॅक्वाकल्चर’ या नियतकालिकात एक सुरेख काम प्रसिद्ध केलं. मृगळ माशाची बोटभर पिल्लं दाटीवाटीने ठेवली की त्यांचा ताण वाढतो आणि वाढ खुंटते. संशोधकांनी खाद्यात ट्रिप्टोफॅन मिसळलं. हे अमिनो आम्ल म्हणजे सिरोटोनिनचा कच्चा माल. दाटीतल्या पिल्लांचा ताण उतरला आणि वाढ सुधारली. स्वीडनमध्ये लेपाज, तोत्मार आणि विनबेरी यांनी २००२ मध्ये ट्राउटला असंच खाद्य दिल्यावर ताणानंतरचं कॉर्टिसॉल कमी चढताना पाहिलं होतं. वर्सोव्याचं काम महत्त्वाचं वाटतं ते मासा आपला आहे म्हणून, आणि प्रश्न शेतकऱ्याच्या तळ्यातला आहे म्हणून.

इथे एक बारकावा सोडता कामा नये. शीर्षवृक्कातलं सिरोटोनिन अॅड्रिनलिन सोडवतं, म्हणजे ताण वाढवणाऱ्या बाजूला उभं राहतं. खाद्यातून वाढलेलं मेंदूतलं सिरोटोनिन मात्र कॉर्टिसॉलचा चढ रोखताना दिसतं. एकच रेणू, दोन जागा, दोन परिणाम. म्हणूनच ‘अमुक रसायन आनंदाचं, तमुक दुःखाचं’ अशी वाटणी करणाऱ्या लेखांवर विश्वास ठेवू नये. रेणूला अर्थ येतो तो जागेमुळे आणि समोरच्या ग्राहकामुळे.

रेणूंच्या अशा जागा शोधण्यासाठी नागपूर विद्यापीठात प्रा. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागूर माशाचा मेंदू वर्षानुवर्षं अभ्यासला. न्यूरोपेप्टाइड-वाय हे पेप्टाइड त्याच्या गंधव्यवस्थेत, अग्रमेंदूत आणि पीयूषिकेत कुठे कुठे आहे, याचा नकाशा त्यांनी २००४ मध्ये मांडला. २००७ मध्ये कार्ट या दुसऱ्या पेप्टाइडचा. विदर्भाच्या बाजारात जिवंत विकला जाणारा हा मासा जगाच्या चेताशास्त्रात पोहोचला तो या चिकाटीने कापलेल्या पातळ कापांमुळे. महागडी यंत्रं नसताना, स्थानिक मासा घेऊन असं काम उभं राहू शकतं, याची याहून चांगली साक्ष देता येणार नाही.

आता एका गंभीर गोष्टीकडे वळू. कॅनडात अलीस ओंतेला आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये पारा, पीसीबी आणि डांबरी हायड्रोकार्बनांनी दूषित पाण्यातले पर्च आणि पाइक पकडले. पकडणं हाच मोठा धक्का. स्वच्छ पाण्यातल्या माशांचं कॉर्टिसॉल अपेक्षेप्रमाणे उसळलं. दूषित पाण्यातल्या माशांचं फारसं हललंच नाही. वरवर पाहणारा म्हणेल, हे मासे शांत आहेत, सरावले आहेत. खरं असं होतं की त्यांची व्यवस्थाच थकली होती, हाक आली तरी उत्तर द्यायला पेशींत त्राण नव्हतं. माहीमच्या खाडीत, शिवडीच्या चिखलात अजून मासे पोहताना दिसतात, म्हणून पाणी बरं आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. मासा जिवंत असणं आणि मासा धड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माशाला वेदना होते का, हा वाद शास्त्रज्ञांत चालू आहे. पण माशाला ताण येतो का, हा वाद उरलेला नाही. सीआरएच, एसीटीएच, कॉर्टिसॉल, अॅड्रिनलिन, सिरोटोनिन, नायट्रिक ऑक्साइड ही यादी माशाची म्हणून वाचा किंवा माणसाची म्हणून, नावं तीच राहतात. चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आपले आणि त्यांचे पूर्वज वेगळे झाले, तरी भीतीची रसायनं दोघांनी जपली. मासे खाणाऱ्या समाजाने, आणि गिरगाव-लालबाग हा मनापासून मासे खाणारा मुलूख आहे, हे ओझं म्हणून नव्हे तर ज्ञान म्हणून घ्यावं. त्यात त्याचा फायदाही आहे. फार धडपडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतली ऊर्जा संपते, लॅक्टिक आम्ल वाढतं, ताठरपणा लवकर येतो आणि मांस लवकर उतरतं. पकडल्याबरोबर झटपट मारलेला आणि बर्फात ठेवलेला मासा ससून डॉकवर चांगला टिकतो, हे जाणत्या कोळ्याला सांगावं लागत नाही.

घरातल्या काचेच्या टाकीचंही तसंच. चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून मुंबईच्या पिढ्यांना मासे पाहायला शिकवलं. तिथल्या काचेवर टकटक करू नये ही सूचना शिस्तीपुरती नव्हती. पाण्यात आवाज वेगाने जातो आणि तो कंपनाचा धक्का माशाच्या शरीरभर पोहोचतो. क्रॉफर्ड मार्केटातून पिशवीत आणलेला मासा लगेच टाकीत ओतू नये, पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावं. मासे हाताळताना शास्त्रज्ञ लवंगेच्या तेलातलं युजेनॉल वापरतात, त्याने मासा गुंगतो आणि कॉर्टिसॉलची उसळी कमी होते. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग माशाच्या प्रयोगशाळेत अशी उपयोगी पडते.

शेवटचा मुद्दा वाळकेश्वरचा आहे. बाणगंगा हे शिलाहारांच्या काळापासूनचं तळं, समुद्राच्या इतक्या जवळ असूनही गोड्या पाण्याचं. पितृपक्षात तिथे श्राद्धविधी होतात, पिंड, कणीक, दूध, फुलं पाण्यात जातात. अलीकडच्या वर्षांत सर्वपित्री अमावास्येनंतर तिथे मेलेल्या माशांचा थर तरंगल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या. अन्न कुजतं, जिवाणू वाढतात, ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. रात्री शेवाळंही ऑक्सिजन बनवत नाही, म्हणून पहाटेच्या आधीची वेळ सर्वांत वाईट. ट्राउटवरच्या प्रयोगांवरून कळतं की रक्तातल्या हिमोग्लोबिनवरचा ऑक्सिजन साधारण निम्म्यावर आला की क्रोमॅफिन पेशी आपला साठा रिकामा करू लागतात. म्हणजे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडणारा मासा दिसतो, तेव्हा त्याच्या शीर्षवृक्कात दोन्ही हाका कधीच वाजून गेलेल्या असतात. त्या रात्री वाचलेले मासेही पुढचे काही दिवस रोगाला सोपे बळी ठरतात, कारण कॉर्टिसॉलने त्यांची प्रतिकारशक्ती खाली आणलेली असते. मेलेले मासे उचलून झाल्यावर हवेचे पंप लावणं म्हणूनच उशिराचं ठरतं.

श्रद्धेला हात न लावता हे टाळता येतं. पिंड आणि निर्माल्य पाण्यात न सोडता काठावरच्या कलशात गोळा करावं. पंप पितृपक्ष सुरू होण्याआधी लावावेत आणि रात्रभर चालू ठेवावेत. विरघळलेला ऑक्सिजन रोज पहाटे मोजून आकडा तळ्याच्या पायऱ्यांवर फळ्यावर लिहावा. मोजायचं साधं उपकरण कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात असतं, आणि विल्सन महाविद्यालय चौपाटीसमोरच आहे. या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी येत्या भाद्रपदात ही जबाबदारी उचलावी, अशी या व्यासपीठावरून विनंती आहे.